बॅटरी आधी बाहेर काढा, मग हात घाला

(या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली भाषा फारशी बदललेली नाही.)

आज आधी एक आवाज ऐकवतो. हेडफोन असतील तर नीट ऐका.

[टक्]

ऐकलात? पुन्हा एकदा.

[टक्]

हा बॅटरी पॅक मशीनमधून बाहेर निघाल्याचा आवाज. आपला नेहमीचा विषय मोबाईल, ॲप, गॅजेट. आज गॅजेटच आहे, पण बागेतलं. ग्रासकटर, हेज ट्रिमर, मिनी चेनसॉ, फवारणीचा पंप. तुमच्यापैकी किती जणांनी सेलमध्ये ही मशीनं ऑर्डर केलीत माहीत नाही. आमच्या गावात तर दर दोन घरांआड एक निघेल.

मी भुकूमचा. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलात की आधी भूगाव, मग आम्ही. पुणेकर जिला नाला समजून नाक मुरडतात ती रामनदी आमच्याच शिवारात, खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावते, आणि बावधन, पाषाण, बाणेर करत मुळेला मिळते. माझ्या लहानपणी इथे भातखाचरं होती, इंद्रायणीचा वास यायचा. आता बंगल्यांच्या सोसायट्या आहेत, फार्महाऊस आहेत, आणि प्रत्येकाला लॉन आणि कुंपणाची हिरवी भिंत हवी असते. मग ती कापणार कोण? ज्यांनी आधी भात कापला तेच.

माझे धाकटे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, पाच बंगल्यांची बाग बघतात. वय अठ्ठावन्न. कोयता, विळा, कुऱ्हाड यांच्याशी आयुष्य गेलं, हाताला ओरखडा म्हणाल तर तेवढाच. नंतर एका बंगलेवाल्यांनी त्यांना पेट्रोलवरचा ग्रासकटर दिला. तो चालू करायचा म्हणजे एक कार्यक्रमच असायचा. तेल मिसळलेलं पेट्रोल भरा, चोक ओढा, दोरीला चार झटके द्या, शिव्या द्या, पाचव्या झटक्याला तो धूर सोडत सुरू होणार. अख्ख्या सोसायटीला कळायचं की तात्या आले. गवत अडकलं की तात्या इंजिन बंद करायचे आणि मगच हात घालायचे. कुणी शिकवलं नव्हतं. चालू इंजिन इतकं ओरडतं आणि थरथरतं की त्यात हात घालायची कुणाची छातीच होत नाही.

मग मी शहाणा झालो. पहिला चांगला पगार आला तेव्हा तात्यांना बॅटरीवरचा हेज ट्रिमर घेऊन दिला. वजनाला हलका, धूर नाही, दोरी नाही. तात्यांनी हातात धरला, ट्रिगर दाबला, सोडला, आणि हसले. "हे तर खेळणंच हाय की रं. आवाज बी न्हाई."

त्या वाक्याची भीती तेव्हाच वाटायला हवी होती. पेट्रोलचं मशीन गप्प असतं तेव्हा ते बंद असतं. बॅटरीचं मशीन गप्प असतं तेव्हा ते फक्त गप्प असतं. सुरू व्हायला त्याला दोरी लागत नाही, चोक लागत नाही, एका बोटाचा दाब पुरतो. आणि तो दाब तुमच्या मनात नसताना, चुकून पडला तरी त्याला फरक कळत नाही.

आता जे सांगतो ते मला सहज सांगता येत नाही, पण ते वगळलं तर बाकीचा भाग नुसतं युझर मॅन्युअल वाचल्यासारखा होईल.

हेज ट्रिमरला दोन स्विच असतात. मागच्या मुठीत ट्रिगर आणि पुढच्या दांड्याला एक पट्टी. दोन्ही एकाच वेळी दाबलेले असतील तरच पाती चालतात. कारण साधं आहे, दोन्ही हात मशीनवर असले की एकही हात पात्यात जाऊ शकत नाही. तात्यांना हे जमेना. शिडीवर उभं राहून एका हाताने फांदी बाजूला धरायची त्यांची जुनी सवय. ते म्हणाले, "एका हातानं चालंल असं कर की कायतरी." मी काय केलं? पुढची पट्टी दाबून तिच्यावर केबल टाय आवळला. दोन मिनिटांचं काम. मला तर आपण भारी जुगाड केला असं वाटलं होतं.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधीची गोष्ट. पावसात ड्युरांटा वाढून बसला होता. तात्या तो छाटत होते आणि आत मागच्या दिवाळीतली लाईटची माळ राहिली होती. तिची वायर पात्यात अडकली, मशीन थांबलं. तात्यांनी उजव्या हाताने मागची मूठ धरली आणि डाव्या हाताने वायर ओढायला लागले. आता तुम्ही बसल्या जागी एक करून बघा. एका हाताने काहीतरी जोरात ओढा आणि दुसऱ्या हाताकडे लक्ष ठेवा. तोही आपोआप आवळला जातो. तात्यांची उजवी मूठ आवळली, ट्रिगर दाबला गेला, वायर सुटली आणि पाती चालली. डाव्या हाताची मधली दोन बोटं. एकाचं टोक गेलं, दुसरं हाडापर्यंत चिरलं.

पुढची पट्टी मोकळी असती तर पाती चाललीच नसती. बॅटरी काढलेली असती तरी नसती.

मी घरीच होतो, वर्क फ्रॉम होम. पळत गेलो. जखमेवर टॉवेल दाबून धरला, हात वर धरायला लावला, तेवढं बरोबर केलं. पण बोटाचं तुटलेलं टोक उचलून सरळ बर्फाच्या भांड्यात टाकलं. ते चूक. हे लक्षात ठेवा, देव करो आणि उपयोगी न पडो. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात किंवा गॉजमध्ये गुंडाळायचा, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फ थेट लागला की मांस गारठून खराब होतं, नुसत्या पाण्यात बुडवलं तरी खराब होतं. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा, पण निघण्याआधी हे एवढं करा. भूगावच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही किती वेळ अडकलो ते मोजायचं धैर्य मला झालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, ते टोक इतकं चेचलं होतं की जोडता आलंच नसतं. माझ्या समाधानासाठी म्हणाल्या का, कोण जाणे. दुसरं बोट वाचलं, पण अजून पूर्ण वाकत नाही.

त्यानंतर मी ही मशीनं नीट समजून घ्यायला बसलो. आधी बसायला हवं होतं, पण असो.

पहिलं, आकड्यांचा घोळ. लिथियम-आयन सेलचा सर्वसाधारण व्होल्टेज ३.६ असतो आणि पूर्ण भरलेला असताना ४.२. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर २१. म्हणून तीच बॅटरी एक जण १८ ची म्हणून विकतो आणि दुसरा २१ ची म्हणून. इथवर ठीक. पण ऑनलाइन स्वस्तातल्या पॅकवर ४८, ८८ असे आकडे आणि पुढे व्हीएफ अशी अक्षरं दिसतात. ते बहुतेक वेळा व्होल्ट नसतातच, मॉडेलचं नाव असतं. आत तेच पाच सेल. जो विक्रेता आकड्यातच फसवतो त्याने आतल्या संरक्षक सर्किटवर पैसे खर्च केले असतील असं मी तरी धरून चालणार नाही. हे सर्किटच बॅटरी जास्त चार्ज होऊ देत नाही आणि शॉर्ट झाली तर तोडते. लिथियम बॅटरीला भारतात बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. पॅकवर आयएस १६०४६ आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. फोनवर बीआयएस केअर ॲप घ्या, त्यात तो क्रमांक टाकला की कंपनी आणि उत्पादन दिसतं. रीलवरचा रिव्ह्यू बघण्यापेक्षा हे लवकर होतं.

दुसरं, मिनी चेनसॉ. चार किंवा सहा इंची, एका हातात मावणारा, जाहिरातीत मुलगी हसत फांदी कापते तो. मला विचाराल तर या सगळ्यांत हाच जास्त धोक्याचा, कारण तो एका हाताचा वाटतो आणि दुसरा हात फांदी धरायला मोकळा राहतो. साखळीच्या पट्टीचं पुढचं टोक असतं ना, त्याचा वरचा भाग कशाला लागला की साखळी लाकडात शिरण्याऐवजी अख्खी पट्टी उसळून तुमच्याकडे येते. डोळ्याची पापणी लवायच्या आत. मोठ्या चेनसॉला अशा वेळी साखळी थांबवणारा ब्रेक असतो, या छोट्यांमध्ये तो बऱ्याचदा नसतोच. म्हणून टोकाने कापायचं नाही, पट्टीच्या मुळाकडच्या भागाने कापायचं. फांदी आधी कशाला तरी टेकवा किंवा बांधा आणि दोन्ही हात मशीनवर ठेवा. खांद्याच्या वर मशीन उचलावं लागत असेल तर ते काम त्या मशीनचं नाही, लांब दांड्याची करवत आणा. आणि गळ्यात उपरणं, ओढणी, मफलर, हेडफोनची वायर, यातलं काही नको. हो, हा पॉडकास्ट ऐकत कापू नका.

ग्रासकटरचं गणित मी तात्यांना करून दाखवलं. पंचवीस सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ, मिनिटाला सात हजार फेरे धरा. नायलॉनच्या दोरीच्या टोकाचा वेग ताशी जवळपास ३३० किलोमीटर येतो. तिच्या वाटेत आलेला खडा कुठे जाईल याचा विचार करा. आमच्याकडे एक खडा शेजारच्या स्लायडिंग खिडकीतून गेला. काच गेली, बाकी काही नाही. पण त्या खिडकीत दुपारी एक आजी बसलेल्या असतात. त्यामुळे कापायच्या आधी पाच मिनिटं चालत जाऊन दगड, तारा, बाटल्यांची झाकणं उचलायची. पंधरा मीटरच्या आत दुसरं माणूस, मूल, कुत्रं नको. डोळ्यांना गॉगल हवा, फॅशनचा नव्हे, बाजूनेही बंद असलेला. पायात गमबूट किंवा जाड बूट, आणि ते फक्त खड्यांसाठी नाहीत. मुळशीच्या पावसात वाढलेल्या गवतात घोणस असते हे इथल्या पोराटोरांना सांगावं लागत नाही, पण बंगल्यात नव्याने राहायला आलेल्यांना सांगावं लागतं.

एक सामान मात्र विकत घेऊच नका. ग्रासकटरला नायलॉन दोरीच्या जागी लावायच्या लोखंडी साखळ्या मिळतात, घाणेरी, रानमोडी झटक्यात साफ होईल म्हणून. ब्रिटनमध्ये २०१० साली अशाच साखळीची कडी तुटून उडाली आणि जवळच्या दुसऱ्या कामगाराचा जीव गेला. युरोपीय संघाने २०१२ मध्ये या प्रकारावर बंदी घातली. आपल्याकडे अजूनही तीन क्लिकमध्ये घरपोच येतात.

आता चार्जिंग. तात्यांकडे आणखी एक बॅटरीचं मशीन आहे, पाठीवरचा फवारणीचा पंप. त्यात बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी. तिच्या चार्जरची गोल पिन आणि मिनी चेनसॉच्या चार्जरची गोल पिन एकसारखी निघाली! पिन बसते म्हणजे चार्जर चालतो असं आपल्याला मोबाईलने शिकवलंय. इथे तसं नाही. २१ व्होल्टचा चार्जर त्या बारा व्होल्टच्या बॅटरीला लागला तर ती तापणार, फुगणार, वायू सोडणार. मी दोन्ही चार्जरना वेगवेगळ्या रंगाची टेप लावली आणि त्याच रंगाची टेप मशीनला. तात्या चष्मा शोधत बसत नाहीत, रंग मात्र त्यांना लांबून दिसतो.

काम संपल्या संपल्या गरम बॅटरी चार्जिंगला लावू नका, अर्धा तास तशीच ठेवा. एप्रिल-मे मध्ये बंद गाडीत ठेवू नका. रात्री झोपताना, गादीजवळ, लाकडी कपाटात, जिन्याखाली चार्जिंग नको. फरशीवर ठेवा, जवळ पेटण्यासारखं काही नको, आणि तुम्ही जागे असताना. पावसात ओसरीवरच्या बोर्डाला तर अजिबात नको, आमच्याकडे जुलैमध्ये पाऊस आडवा येतो. पॅक खाली पडून चेपला असेल, फुगला असेल, त्याला गोडसर उग्र वास येत असेल, तर तो संपला, जीव लावू नका. धूर आला तर हातात धरून बाहेर पळू नका. माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ लावा. लिथियम सेल विझल्यासारखे वाटतात आणि पुन्हा पेटतात.

पंपाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. २०१७ चा पावसाळा आठवतोय का? तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असाल. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. सरकारने विशेष तपास पथक नेमलं. कारणं अनेक सांगितली गेली. जहाल औषधं, त्यांची मिश्रणं, अंगावर ना मास्क ना हातमोजे, आणि त्या वर्षी माणसाच्या उंचीला गेलेली कपाशी. पण त्या वेळच्या बातम्यांमध्ये आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची, बॅटरीवर चालणारे चिनी बनावटीचे पंप.

जुन्या पंपाचा दांडा हाताने मारावा लागतो. हात भरून येतो, माणूस बांधावर टेकतो, पाणी पितो. बॅटरीचा पंप थकत नाही. एकसारखा बारीक फवारा, कमी वेळात जास्त एकर. बारीक थेंब हवेत जास्त वेळ राहतात आणि उंच पिकात तुम्ही त्या धुक्यातच चालत असता. हातपंप आपल्याला थकवून थांबवत होता हे आम्हाला तो गेल्यावर कळलं. आता थांबायची वेळ स्वतः ठरवावी लागते. तात्यांनी एका टाकीनंतर विश्रांती असं ठरवलंय, आणि फवारलेली ओळ नेहमी पाठीमागे राहील असं चालायचं, वारा पाठीवर घेऊन. नोझल तुंबलं तर पूर्वी ते तोंड लावून फुंकायचे. गावात निम्मे लोक फुंकतात. आता आधी स्विच बंद, मग ट्रिगर दाबून आतला दाब मोकळा, मग नोझल काढून पाण्यात, हातमोजे घालून. अडकलेलं काढताना घात होतो, हेज ट्रिमर असो की पंप.

आता तात्यांचं विचाराल. दोन महिने घरी बसले, मग पुन्हा कामाला. मी म्हटलं, मशीन फेकून देऊ. तर म्हणाले, "मशीनीचा काय दोष? सुतळी तू बांधलीस." सुतळी नव्हती, केबल टाय होता, पण ते दुरुस्त करायची हिंमत मला झाली नाही. मग थोड्या वेळाने म्हणाले, "आन् सांगितलं मीच व्हतं." तेवढ्यावर आम्ही दोघं थांबलो. तो टाय मी त्याच दिवशी कापला होता.

आता ते फांदी अडकली की ट्रिगर सोडतात, बॅटरी काढतात आणि मग हात घालतात. दर वेळी. धार बघायची असेल, पातं पुसायचं असेल, शिडीवरून खाली उतरायचं असेल, कुणी चहाला हाक मारली असेल, तरी आधी टक्. महिनाभर मला वाटलं, चला, जमलं. मग एक दिवस बघितलं तर काढलेली बॅटरी ते सदऱ्याच्या खिशात टाकत होते. त्याच खिशात घराची किल्ली, सुट्टी नाणी, आणि तंबाखूची डबी, ती पण पत्र्याची. बॅटरीच्या उघड्या टोकांना किल्ली आडवी लागली की शॉर्ट, तेही छातीवर. चांगल्या पॅकची टोकं खाचेत असतात, आमच्या पॅकची नव्हती. म्हणून मग आईच्या स्वयंपाकघरातला एक झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा पळवला. तो आता तात्यांच्या पिशवीत असतो, त्यावर मार्करने "फक्त बॅटरी" लिहिलंय, आणि आईने डबा परत मागायचं सोडून दिलंय.

निकामी झालेले पॅक घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबला जातो, पॅक फुटतो, गाडी पेटते, आणि गाडीवर माणसं असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, दुकानात विचारा, नाहीतर ई-कचरा संकलनात द्या. तोवर टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा.

तुमच्या घरी असं मशीन असेल तर आज एक काम करा. ते आत्ता जिथे टेकवून ठेवलंय तिथे जा आणि बघा, बॅटरी आत आहे का बाहेर. आणि एखाद्या स्विचवर टेप, सुतळी, रबर, टाय असलं काही दिसलं, तर ते कोणी बांधलं हे नंतर विचारा, आधी कापा. कमेंटमध्ये लिहा काय सापडलं ते. पुढच्या भागात पाऊस आणि इन्व्हर्टर, दोन जणांनी त्याबद्दल विचारलंय. मी थांबतो, बाहेर तात्या हाका मारतायत, त्यांना शिडी धरायला माणूस हवंय.